दुपारचा पहारा

सोजरबाईनं लांब चिमट्यानं राख बाजूला सारली आणि आरातला कणकेचा पहिला रोडगा पालथा केला. बूड हवं तसं भुरं झालं होतं. दुसऱ्याला चिमटा लावते न लावते तोच मारुतीच्या देवळामागच्या मांडवात तिच्या नावाचा पुकारा सुरू झाला.

"सोजरबाई, वरणाचं मीठ पाह्यजो वं!"

"सोजरबाई, तुपाचं भांडं कुठी ठेवलं?"

"काकू, पोरगं पडलं माहं. हळद हाय का तुमच्याजोळ?"

तिनं मीठ पाहिलं, तूप दाखवलं, पोराच्या गुडघ्यावर हळद दाबून धरली आणि परत येऊन तिसरा रोडगा पालथा केला. गोवऱ्यांच्या आराची धग आणि वरून चैत्राचं ऊन, दोन्हींच्या मध्ये ती सकाळपासून बसली होती. इंझोरी गावात कुणाच्या घरी काही दुखलं, कुणी जन्मलं, कुणी मेलं किंवा चार माणसांचं शिजायला पडलं, की पहिली हाक तिलाच जायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, दीर शालिग्रामच्या मळ्यात वांगी-मेथीचं निंदण-खुरपण झालं की बाई रिकामी, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पटकीच्या साली तर सख्खी माणसं ज्यांच्या खाटेजवळ जाईनात, त्यांची गाडगी-मडकी तिनं धुतली होती. तेव्हा गावानं तिला देवी म्हटलं, आणि साथ ओसरल्यावर पापड लाटायला बोलावलं.

देवळात अखंड नामाचा सप्ताह चालू होता. दरवर्षी हनुमान जयंतीच्या आधी तो बसायचा. अखंड म्हणजे गावाला तो खरोखरच अखंड हवा असायचा. रात्रंदिवस कुणीतरी विणा गळ्यात घालून मारुतीसमोर उभं राहायचं आणि नाव घ्यायचं. विणा जमिनीला टेकू द्यायचा नाही. पहारा बदलताना घेणाऱ्यानं आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं, मान पुढं करायची, मग देणाऱ्यानं आपल्या हातानं त्याच्या गळ्यात विणा घालायचा. आणि विणा गळ्यात आहे तोवर त्या माणसानं नावाखेरीज अक्षर बोलायचं नाही, त्याच्याशीही कुणी घरादाराचं बोलायचं नाही. सप्ताहाचे कारभारी इंद्रभान पाटील पहिल्या दिवशी सगळ्यांना बजावून सांगायचे, "घराले आग लागली तरी विणेकऱ्याले हाक मारू नोका. तेवढा येळ थो गावाचा नाही, देवाचा हाय."

यंदा हे ऐकताना सोजरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं. कुणी हाक मारायची नाही. गहू पाखडताना ते शब्द तिच्या कानात फिरत राहिले. गर्दी पांगल्यावर ती पाटलांसमोर जाऊन उभी राहिली होती.

"पाटील, मले एक पहारा द्या. कोन्ताबी द्या."

पाटील हसले. वाईट हसले नाहीत, लहान लेकरानं चंद्र मागितल्यावर हसतात तसं हसले.

"तुले कायले पाह्यजे पहारा? अवं, तुह्या हातचे रोडगे हेच तुहं भजन. तू लोकायचं करतं, थे आपोआप देवाले पोचते. आमाले अथी उभं राहा लागते, तुले थेबी लागत नाही."

आजूबाजूच्या चारजणांनी माना डोलावल्या. हे बोलणं सोजरबाईनं आजवर कितीदा ऐकलं होतं. पूर्वी ते तिला गोडही लागायचं. आता कळत होतं की बोलणाऱ्याला ते फार सोयीचं आहे.

"चैतात विहीरबी दुपारची सोडून देतेत, पाटील," ती म्हणाली. "मोट थांबवतेत, पाझर भराव म्हून. मलेच काहून नाही सोडत?"

पाटलांचं हसू जरा आखडलं.

"बाईमाणसानं विणा घेत नसतेत. त्यातून तुहं कपाय पांढरं. रीत हाय थे, म्या नाही केली. जाय, गहू पाय."

ती गेली आणि गहू पाहू लागली. पण ती पहारा का मागते हे पाटलांना ठाऊक नव्हतं. तसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाटलांची आई, जिजाबाई, अर्धांगाच्या झटक्यानं दोन वर्षांपासून खाटेवर होती. तोंड एका बाजूला गेलेलं, बोलणं अर्धंमुर्धं. सुनेच्या हातून ती खात नसे आणि लेकानं आईला भरवायचं ही गोष्ट पाटलांच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलेली नव्हती. त्यामुळं रोज दुपारी सोजरबाई जायची, ज्वारीची पेज भरवायची, तोंड पुसायची, कूस बदलून द्यायची. तिचं सगळं काम नावासोबत चालायचं. दळताना, वाकताना, कुणाचं अंग पुसताना ओठ हलत असायचे, ही तिची लहानपणापासूनची सवय. ते नाव कधी आटलं ते तिला कळलंच नाही. फाल्गुनातल्या एका दुपारी पेजेचा घोट जिजाबाईच्या वाकड्या तोंडातून गळ्यावर ओघळला आणि तो पुसता पुसता सोजरबाईच्या मनात आलं, मर ना एकदाची.

हात पुसतच राहिले होते. जिजाबाई वर तिच्याकडे बघत होती. सोजरबाईनं वाट पाहिली की आता आपल्याला लाज वाटेल, अंगावर काटा येईल, देवाची माफी मागावीशी वाटेल. काही आलं नाही. आत कोरडं खडखडीत होतं. त्या कोरडेपणाची मात्र तिला अशी भीती बसली की तेव्हापासून कुणाचंही तोंड पुसताना ती त्याच्या डोळ्यांकडे बघेनाशी झाली.

तर आज सप्ताहाचा मधला दिवस होता आणि दुपारचा पहारा शालिग्रामचा. उन्हाचा पहारा कुणाला नको असतो, म्हणून तो माळ्याच्या वाट्याला आलेला. त्याला काल रात्रीपासून हिवताप चढत होता आणि तरी तो उभा राहिला होता. चौथा रोडगा पालथा करून सोजरबाई उठली. पहारा उतरल्यावर त्याला घोटभर घेता यावं म्हणून तांब्यात गुळाचं पाणी घेऊन ती देवळाकडे निघाली.

"चालली कुठी? पंगत बसून राह्यली ना!" मागून हाक आली.

"आली," ती सवयीनं म्हणाली.

देवळात थंडावा होता. टाळकरी पहिल्या पंगतीला गेलेले, एकटा रामकिसन म्हातारा खांबाला टेकून डोळे मिटल्यामिटल्या टाळ वाजवत होता. त्याला मांडवात जेवायला जायचं नसे. त्याचे दात गेले होते आणि रोडगे त्याला चावत नसत. मारुतीसमोर शालिग्राम उभा होता, पण तो उभा होता असं म्हणायचं एवढंच. ओठ पांढरे पडलेले, अंग लटलट कापत होतं आणि विण्याची मान हळूहळू खाली झुकत चालली होती.

सोजरबाईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि धावली. शालिग्रामचे गुडघे वाकायला लागले होते. त्यानं दाराकडे पाहिलं, पुरुषमाणूस कुणी नव्हतं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती त्याची थोरली वहिनी, तिच्यासमोर त्याचा आवाज कधी चढला नव्हता. सोजरबाई खाली वाकली, दिराच्या पायांना हात लावला आणि मान पुढं केली.

शालिग्रामनं दोन्ही हातांनी विणा वर उचलला. मग विण्याचा पट्टा तिच्या मानेवर आला.

शालिग्राम तिथंच भिंतीला धरून खाली बसला. आता त्याला बोलायची मोकळीक होती.

"वयनी," तो धापा टाकत म्हणाला, "पाटील काय म्हनतीन?"

"राम कृष्ण हरी," सोजरबाई म्हणाली.

उंबऱ्यावरचा तांब्या त्यानं आपल्या हातानं भिंतीपाशी ओढला, पाणी प्यायला, थोडा वेळ पडून राहिला आणि भिंतीच्या आधारानं घराकडे गेला. त्याला घरापर्यंत पोचवावं म्हणून सोजरबाईचा पाय आपोआप उचलला गेला. तिनं तो परत फरशीवर दाबला.

विणा वाटला होता त्यापेक्षा जड होता. विळ्यानं कापलेली आणि आरानं भाजलेली तिची बोटं तारेवर नीट चालेनात. सुरुवातीला तर तारेतून मोटेच्या चाकासारखी कुरकुर निघाली. तिनं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. नाव कोरडं होतं. चावलेल्या कडब्याला चव नसते तसं ते तोंडात नुसतं फिरत होतं. बाहेरून हाका येत होत्या. सोजरबाई, पत्रावळी! सोजरबाई, गेली कुठी वं! प्रत्येक हाकेला तिच्या टाचेला हिसका बसायचा. ती टाच दाबायची आणि तार छेडायची.

शेवटी पाटलांची बायको सीताबाई पदर खोचून दारात आली.

"अवं, रोडगे जळून राह्यले आणि तू अथी..." एवढं बोलून तिनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "बाप्पा! हे काय वं सोजरबाई?"

"राम कृष्ण हरी."

सीताबाई आल्या पावली पळाली, आणि थोड्याच वेळात इंद्रभान पाटील खरकट्या हातानं देवळात आले. त्यांच्यामागं आठ-दहा माणसं होती. त्यात ज्याचा पुढचा पहारा होता तो प्रेमसिंगही होता.

"काय चालवलं हे?" पाटलांचा आवाज घुमला. "कोनं देल्ला तुले विणा? काहाड पाहू."

सोजरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच इंद्रभानची गोवर तिनं कडुनिंबाच्या पाल्यानं उतरवली होती. ती तार छेडत राहिली आणि म्हणाली, "राम कृष्ण हरी."

"म्या काय म्हनून राह्यलो? ऐकू येते का?"

"राम कृष्ण हरी." या वेळी जरा मोठ्यानं.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते प्रेमसिंगकडे वळले. "घे तिच्याजोळचा विणा."

प्रेमसिंग पायरीवरच थांबला. "घेतो ना. पन पाया पडा लागीन, पाटील. बाईच्या पाया? साऱ्या गावासमोर?"

"मंग तसाच घे वढून."

तेव्हा टाळ थांबला. रामकिसन म्हाताऱ्यानं डोळे उघडले होते. विणा कुणाच्या गळ्यात आहे हे त्याला आत्ताच कळत असावं. त्यानं सोजरबाईकडे पाहिलं, मग पाटलांकडे.

"इंद्रभान, विणा वढून घेतला त सप्ता तुटला," तो म्हणाला. "देणारानं आपल्या हातानं देल्ला पाह्यजे. शालिग्रामनं हिले देल्ला का?"

शालिग्रामचा रिकामा तांब्या भिंतीजवळ पडला होता.

"देल्ला असन त झालं मंग. अन् विणेकऱ्याशी असं बोलत नसतेत. तूच सांगतलं ना पयल्या दिवशी? घराले आग लागली तरी?" एवढं बोलून म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि टाळ पुन्हा सुरू केला.

पाटलांनी खरकटा हात झटकला. मग माणसांना म्हणाले, "चाला. कोनी घ्याचा नाही तिच्याजोळून. बाईमाणूस किती येळ उभं राहीन? थकंल तवा सोताच हाका मारंल." आणि ते सगळे निघून गेले.

सोजरबाईला आतून हसू आलं. थकंल म्हणे. पटकीच्या साली ती किती रात्री उभी होती हे या पाटलाच्या घराण्याला तरी ठाऊक असायला हवं होतं. तिनं पाय जरा फाकवून रोवले, मळ्यात पाणी वळवायला उभी राहते तसे.

दारातून मांडवाचा एक तुकडा दिसत होता. पंगत बसली होती. जळक्या रोडग्यांचा वास देवळात येत होता. सीताबाई धुरानं लाल झालेले डोळे पुसत वाढत होती, कुणी दोघं वरणाची बादली फिरवत होते, आणि ज्यांनी जन्मात कधी पत्रावळी उचलल्या नव्हत्या ते पत्रावळी उचलत होते. जळकी बाजू काढून लोक जेवत होते. कुणी उपाशी उठलं नाही. सोजरबाई हे सगळं बघत राहिली. तिला राग आला. कुणाचा ते तिला नीट कळेना. आपण नसलो तर गाव अडेल असं इतकी वर्षं गावानं तिला सांगितलं होतं आणि तिनंही ते मानलं होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पाटील परत आले. या वेळी एकटेच होते आणि आवाज खाली आला होता.

"सोजरबाई, माय उपाशी हाय. सकायपासून पोटात काही नाही तिच्या. सीतेनं दोनदा नेली पेज, तोंड उघडत नाही. तुह्याशिवाय नाही उघडत, तुले ठावं हाय."

तारेवरचं बोट मंदावलं.

हा घाव बरोबर जागी बसला होता. जिजाबाईचं वाकडं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं, खाटेची काथ्याची वीण, उशाशी ठेवलेली वाटी. पायाला कुणी हिसका द्यायची गरजच उरली नव्हती, सगळं अंगच तिकडे ओढलं गेलं. आता जावं. विणा या पाटलाच्या गळ्यात टाकावा, नाहीतर कुणाच्याही, आणि जावं.

आणि जाऊन काय करायचं? पेज भरवायची, तोंड पुसायचं, आणि मनात पुन्हा तेच म्हणायचं. हात जिजाबाईला मिळतील, पण आत जे उभं असेल ते आपल्यालाच बघवणार नाही. आजवर सगळ्यांना नुसते हात पोचत होते. हे असंच चाललं तर एक दिवस हातही कोरडे होतील.

सोजरबाईनं मान पाटलांकडून वळवली आणि मारुतीकडे पाहिलं. शेंदराचे थरावर थर चढलेला तो मारुती, त्याचे ते मोठाले डोळे. साऱ्या गावाचं ऐकणारा. तिच्या मनात एकदम भडकाच उडाला. साऱ्यायची मी, अन् माही कोन? लोकायची घागर भरू भरू माहा तळ लागला, तुले दिसला नाही? डोये त एवढे मोठे! तू काहून नाही आला एकदाबी इचाराले? जिभेवर नावाखेरीज काही आणायला परवानगी नव्हती, म्हणून ते सगळं भांडण तिनं नावातच कोंबलं.

"राम कृष्ण हरी!"

देवळातली पाखरं उडाली. रामकिसनचा टाळ चुकला आणि त्यानं तो सावरून घेतला.

"राम कृष्ण हरी!" ती भांडत होती. तीन पावलं मागं पाटील उभे होते ते ती विसरली. पेज विसरली नाही, जिजाबाई विसरली नाही, पण तिनं त्यांना पहिल्यांदाच खाली ठेवलं, आपल्यापेक्षा ज्याला जास्त पेलतं त्याच्यासमोर. धर जरा, ती त्याला म्हणाली. माह्या हाताले रग लागली, धर तू जरा. आणि असं किती वेळ भांडली कोण जाणे, पण मध्येच तिच्या लक्षात आलं की नाव आपण घेत नाही आहोत. ते येतं आहे. विहिरीच्या तळाच्या खडकातून पाणी येतं तसं, गडबड न करता, आपलं आपण. बोट तारेवर नीट पडत होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात गुंतलेले असल्यामुळं ते पुसता येत नव्हतं. दुसऱ्यांचे डोळे पुसण्यात तिचा जन्म गेला होता. आपले तिनं तसेच वाहू दिले.

ती भानावर आली तेव्हा पाटील गेले होते.

तिसऱ्या प्रहराचा पहारा कुणी घेतला नाही. दिवेलागणीचाही घेतला नाही. कारंज्याहून भाड्यानं आणलेली गॅसबत्ती कुणीतरी येऊन पेटवली, खुंटीला टांगली आणि तिच्याकडे न बघता निघून गेलं. सोजरबाईच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पट्ट्यानं मान सोलवटली होती. रामकिसनचा टाळ दुसऱ्या एका टाळकऱ्यानं घेतला तरी म्हातारा घरी गेला नाही, खांबापाशीच बसून राहिला. देवळाबाहेर माणसं जमली होती, बायाही होत्या. आत यायचं धाडस कुणी करत नव्हतं आणि घरीही जात नव्हतं.

मग बाहेरची गर्दी बाजूला झाली आणि इंद्रभान पाटील आत आले. अंगात दुपारचाच सदरा होता, पण त्याच्या छातीवर पांढरट, वाळलेले डाग पडले होते. पेजेचे. सोजरबाईनं ते डाग लांबूनच ओळखले, तिच्या सगळ्या लुगड्यांवर ते होते.

पाटील तिच्याजवळ आले, पण तिच्याशी बोलले नाहीत. विणेकऱ्याशी बोलायचं नसतं. मारुतीसमोर हात जोडून त्यांनी मारुतीलाच सांगितलं, जरा मोठ्यानं.

"मायनं पेज घेतली. म्या देल्ली. पयले तोंड उघडत नव्हती, मंग उघडलं." त्यांनी सदऱ्यावरचा डाग चोळला. "गरम होती. तोंड भाजलं तिचं. मले समजलंच नाही, बाप्पा, किती गरम हाय थे."

गॅसबत्ती फुरफुरत होती.

"मले म्हने, सोजर कुठी हाय? म्या म्हनलं, विणा घेऊन उभी हाय दुपारपासून, सोडत नाही. तिले सांगा लागते का, म्हनलं, सोड म्हून?" पाटलांनी नाक ओढलं. "थे म्हने, नोको सोडू म्हना."

मग ते वळले आणि सगळ्या गावादेखत वाकले. त्यांचे हात सोजरबाईच्या पायांना लागले तेव्हा तिला कळलं की पाय किती सुजले आहेत. पाटलांनी मान पुढं केली. सोजरबाईनं विणा स्वतःच्या गळ्यातून काढला, त्यांच्या गळ्यात घातला आणि पट्टा नीट बसवला. पाटलांचं बोट तारेवर आल्यावर तिनं हात सोडला आणि रीतीप्रमाणे खाली वाकून आपणही नमस्कार केला.

आता तिची बोलायची पाळी होती.

"पाटील," ती म्हणाली. आवाज बसला होता, तरी बाहेर पायरीपर्यंत ऐकू जात होता. "उद्या दुपारचा पहारा माहा हाय. परवाचाबी. सप्ता उठेपरेंत रोज दुपारचा माहा. अन् पुढच्या सालीबी."

पाटलांनी तोंड उघडलं. बोलायचं बरंच होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक दिसत होतं. रीत होती, पांढरं कपाळ होतं, पंगतीचं कोण बघणार हे होतं. पण विणा गळ्यात होता. सगळं गाव त्यांच्या ओठांकडे बघत होतं आणि खांबापाशी रामकिसन म्हातारा एक डोळा किलकिला करून बसला होता.

"राम कृष्ण हरी," पाटील म्हणाले.

"बरं," म्हणून सोजरबाई पायऱ्या उतरली.

कुणी तिला हाक मारली नाही. बायांनी वाट दिली. मांडवात तिच्यासाठी एक रोडगा आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती, जळकी बाजू काढून. ते तिनं उभ्यानंच खाल्लं, हात धुतले आणि कुणी न सांगता पाटलांच्या घराच्या वाटेला लागली.

जिजाबाई जागी होती. चुलीपाशी अर्धी वाटी पेज उरली होती, ती सोजरबाईनं कोमट केली आणि खाटेच्या कडेला बसली. बोटांवर पेज घेऊन फुंकर घातली. ओठ हलत होते, ते तिनं थांबवले नाहीत. जिजाबाईनं तोंड उघडलं. खालच्या ओठाला आतून फोड आला होता. सोजरबाईनं तो चुकवून पेज दिली, गळ्यावर आलेला ओघळ पुसला, आणि कितीतरी दिवसांनी त्या म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"आली?" जिजाबाई अर्धवट शब्दांत म्हणाली.

"आली, मामी."

थोडी पेज गेली. जिजाबाईनं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"उद्या?"

"संध्याकाळी येईन. दुपारची नाही येत मी आता. दुपारी माहा पहारा हाय."

जिजाबाई विचार करत राहिली. बोलायला तिला वेळ लागायचा, एकेक शब्द शोधून ओठाच्या चांगल्या बाजूला आणावा लागायचा. सोजरबाई थांबली.

"मंग त्याले सांगजो," जिजाबाई म्हणाली, "फुकून देत जाय म्हना."